हरलेल्या सामन्याचा निवाडा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत फुटबॉलचा हंगाम हा घराघरांतला विषय असतो. पाटाकडील तालीम आणि बालगोपाल तालीम ही या पेठेची अभिमानाची नावे. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला म्हणजे पेठेतील व्यवहार त्या दुपारपुरते मंदावतात. आपला संघ जिंकला तर गुलाल उधळला जातो, मिरवणूक निघते आणि सामन्याचे सारे प्रश्न त्या गुलालात बुडून जातात. संघ हरला म्हणजे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून चहाच्या गाड्यावर आणि तालमीच्या कट्ट्यावर न्यायासन मांडले जाते. बदली खेळाडू इतक्या उशिरा का उतरवला? आघाडी असताना बचावातला माणूस पुढे का पाठवला? टायब्रेकरची पहिली किक त्या पोरालाच का दिली? प्रशिक्षकाचे डोके ठिकाणावर होते का?

या निवाड्याला हसण्याचे कारण नाही. ज्या गावाला खेळाचे प्रेम आहे, तेच गाव पराभवाची चर्चा करते. परंतु या चर्चेतून सत्य किती हाती लागते, आणि ज्याच्यावर बोट रोखले जाते त्या माणसाचे पुढे काय होते, हे दोन प्रश्न इतिहासाला विचारून पाहण्यासारखे आहेत. आपल्या धर्मग्रामांतील मुलेही मैदानावर उतरतात, हरतात आणि घरी परततात. तेव्हा हा विषय पेठेपुरता राहत नाही.

तालमीचा वारसा

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांच्या नावांतच त्यांचा पूर्वेतिहास आहे. इतरत्र क्लब असतात, येथे तालमी आहेत. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला उदार राजाश्रय मिळाला. देशोदेशीचे मल्ल करवीरनगरीत आले, पेठापेठांतील तालमी भरभराटीस आल्या. १९०२ साली महाराज युरोपच्या प्रवासास गेले असता रोमचे कोलोसियम त्यांनी पाहिले आणि त्यातून खासबाग मैदानाची कल्पना त्यांना सुचली असे सांगतात. सभोवार उंचवटा, मध्ये लाल मातीचा हौदा, कोठूनही बसून कुस्ती स्वच्छ दिसावी अशी त्याची रचना. पुढे याच तालमींनी फुटबॉल आपलासा केला. लंगोट बांधणाऱ्या पोरांच्या पुढच्या पिढ्यांनी बूट चढवले, परंतु नाव तालमीचे राहिले आणि इभ्रतीची कल्पनाही तालमीचीच राहिली.

येथेच एक सूक्ष्म अडचण उत्पन्न होते. कुस्तीत पराभवाला एकच धनी असतो. कोणाची पाठ मातीला लागली हे हजारो डोळ्यांना दिसते. त्यावर वाद नाही. फुटबॉलमध्ये अकरा जण खेळतात, बाहेर प्रशिक्षक उभा असतो, राखीव खेळाडू बसलेले असतात. येथे कोणा एकाची पाठ मातीला लागत नाही. पण खासबागेच्या हौद्याकडे पाहत वाढलेले मन फुटबॉलच्या हिरवळीवरही एक पाठ शोधत राहते. चुकलेली किक मारणारा, हातातून चेंडू निसटलेला गोलरक्षक, किंवा त्यांना उभे करणारा प्रशिक्षक, यांपैकी कोणीतरी एक जण सापडला म्हणजे पराभवाचा हिशेब पूर्ण झाल्यासारखा वाटतो.

ही वृत्ती केवळ कोल्हापूरची नव्हे. जुन्या करारातील लेवीयच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. दोन बकरे आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून अहरोन साऱ्या लोकांच्या अपराधांचा उच्चार करी आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. त्या विधीत एक प्रामाणिकपणा होता. अपराध आपले आहेत, बकऱ्याचे नाहीत, हे सर्वांसमक्ष कबूल केले जाई. आपण आज कोणाला तरी रानात धाडतो तेव्हा ती कबुली मात्र विसरतो.

शारजातील अखेरचे षटक

या वृत्तीचे आपल्या देशातील सर्वांत परिचित उदाहरण क्रिकेटमधील आहे. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजा येथे ऑस्ट्रल-एशिया चषकाचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात होता. प्रत्येकी पन्नास षटकांचा खेळ आणि एका गोलंदाजाला अधिकात अधिक दहा षटके. म्हणजे कर्णधाराला दुहेरी हिशेब ठेवावा लागतो: आत्ता कोणाला चेंडू द्यावा, आणि अखेरच्या षटकांसाठी कोणाला राखून ठेवावे. एखाद्या गृहिणीने महिनाअखेरीसाठी डब्यात धान्य राखावे, तसाच हा प्रकार. राखले नाही तर शेवटी हात रिकामे. फार राखले तर मधल्या काळातच घर उपाशी.

भारताने प्रथम फलंदाजी करून ७ बाद २४५ धावा केल्या. श्रीकांतने ७५, सुनील गावसकरने ९२ आणि दिलीप वेंगसरकरने ५० धावा काढल्या. दोनशेचा टप्पा भारताने एकच गडी गमावून ओलांडला होता. त्यानंतर गडी भराभर बाद झाले आणि धावसंख्या जेथे पोहोचावी असे वाटत होते तेथे पोहोचली नाही. पाकिस्तानचा जावेद मियाँदाद एका बाजूने उभा राहिला. सामना अखेरच्या षटकावर आला तेव्हा पाकिस्तानला ११ धावा हव्या होत्या. कर्णधार कपिलदेवच्या स्वतःच्या वाट्याची षटके संपली होती. त्याने चेंडू वीस वर्षांच्या चेतन शर्माच्या हाती दिला.

त्या षटकात काय काय घडले ते स्मरणात ठेवण्याजोगे आहे. पाकिस्तानचे दोन गडी बाद झाले. अखेरचा फलंदाज तौसिफ अहमद खेळायला आला तेव्हा दोन चेंडू उरले होते आणि पाच धावा हव्या होत्या. त्याने चेंडू कसाबसा ढकलून धाव घेतली. धावचीत करण्याची संधी होती, पण अझरुद्दीनचा फेकलेला चेंडू यष्टींना लागला नाही. तो लागता तर सामना तेथेच संपला असता. मियाँदाद समोर आला. एक चेंडू, चार धावा. चेतनने यॉर्कर टाकण्याचा प्रयत्न केला. चेंडू हातून निसटून फुलटॉस गेला आणि मियाँदादने षटकार मारला. त्याच्या धावा झाल्या नाबाद ११६. पाकिस्तान एक गडी राखून जिंकले.

मग निवाडा सुरू झाला, आणि तो कित्येक वर्षे चालला. कपिलने स्वतःचे एक षटक शेवटास का ठेवले नाही? अनुभवी माणूस असताना पोराच्या हाती चेंडू का दिला? फिरकी गोलंदाजाकडून ते षटक का टाकून घेतले नाही? क्षेत्ररक्षणाची मांडणी अशीच का केली? प्रत्येक प्रश्न आपल्या परीने योग्य आहे. पण यांतील एकही प्रश्न अखेरचा चेंडू पडण्यापूर्वी निकालात निघण्यासारखा नव्हता. चेतनने त्या दिवशी तीन गडी बाद केले होते. कर्णधाराने अखेरच्या षटकासाठी गडी बाद करणारा वेगवान गोलंदाज राखला, यात गैर काय होते? अझरुद्दीनचा फेकलेला चेंडू यष्टींना लागला असता तर हाच निर्णय धाडसी आणि दूरदृष्टीचा म्हणून गाजला असता. शिवाय फलंदाजीच्या शेवटच्या षटकांत ज्या धावा झाल्या नाहीत, त्यांचा हिशेब कोणी मांडला? त्या धावा अनेकांच्या हातून निसटल्या होत्या. जे अनेकांकडून निसटते ते कोणाच्या लक्षात राहत नाही. जे एकाच्या हातून निसटते तेच जगाला दिसते.

लॉर्ड्‌सचे उदाहरण

निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याची ही खोड किती फसवी आहे हे पाहायचे असेल तर तीन वर्षे मागे जावे. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्‌सवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारत अवघ्या १८३ धावांत बाद झाला होता. वेस्ट इंडीजचा विव्हियन रिचर्ड्‌स मदनलालच्या गोलंदाजीवर चौकारांमागून चौकार मारीत होता. कपिलदेव त्याला थांबवण्याच्या विचारात होता. मदनलालने आणखी एक षटक मागून घेतले आणि कर्णधाराने ते दिले. रिचर्ड्‌सने पुन्हा चेंडू उंच मारला, कपिलदेव मागे धावत गेला आणि त्याने तो झेल घेतला. भारत ४३ धावांनी जिंकला.

आता या दोन प्रसंगांची तुलना करावी. कर्णधार तोच. निर्णयाचा प्रकारही तोच: दडपणाच्या क्षणी एका सहकाऱ्यावर विश्वास टाकणे. किंबहुना लॉर्ड्‌सवरचा निर्णय अधिक धोक्याचा होता, कारण मार खाणाऱ्या गोलंदाजालाच पुन्हा चेंडू दिला गेला. तो झेल सुटला असता आणि रिचर्ड्‌सने शतक काढले असते तर आज त्या षटकाबद्दल कट्ट्यावर काय बोलले गेले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. झेल घेतला गेला म्हणून विश्वास शहाणपणा ठरला. शारजात चेंडू निसटला म्हणून तोच विश्वास मूर्खपणा ठरला.

नागपूर आणि मुंबई

चेतन शर्माची कथा शारजात संपली नाही, आणि आपल्या दृष्टीने पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. त्याच उन्हाळ्यात तो भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला. लॉर्ड्‌सच्या कसोटीत त्याने एका डावात पाच गडी बाद केले आणि बर्मिंगहॅमच्या कसोटीत दोन्ही डावांत मिळून दहा. पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, आपल्याच महाराष्ट्रात नागपूर येथे न्यूझीलंडविरुद्ध त्याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषक स्पर्धेतील ती पहिली हॅट्‌ट्रिक होती. ज्याला चेंडू देणे ही चूक मानली गेली, त्याच्या हाती संघाने चेंडू देणे थांबवले नाही, म्हणूनच हे घडू शकले.

परंतु निवाडा करणाऱ्यांची भूक तेवढ्याने भागत नसते. नागपूरच्या विजयामुळे भारताला उपांत्य सामना मुंबईत खेळायला मिळाला. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे स्टेडियमवर कपिलदेवने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले. इंग्लंडच्या ग्रॅहम गूचने मणिंदर सिंग आणि रवी शास्त्री यांच्या फिरकीवर झाडू मारल्यासारखे स्वीपचे फटके मारीत ११५ धावा काढल्या. भारतापुढे २५५ धावांचे आव्हान होते. संघ २१९ धावांत बाद झाला. वेंगसरकर आजारपणामुळे खेळू शकला नव्हता. या वेळी दोषाचा धनी स्वतः कर्णधार होता. फिरकी गोलंदाजांना वेळीच का बदलले नाही, मांडणी का बदलली नाही, आणि फलंदाजीला आल्यावर हेमिंग्जला तो उंच फटका का मारला, असे प्रश्न झाले. लवकरच कर्णधारपद वेंगसरकरकडे गेले. चार वर्षांपूर्वी ज्याला खांद्यावर घेतले होते, त्याच्याच गळ्यात पराभवाची धोंड बांधली गेली.

पुढच्या पिढीनेही हेच पाहिले. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली. झहीर खानच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि अखेरीस ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ केल्या. अनिल कुंबळेला बाहेर का बसवले, हा प्रश्न आजही गप्पांच्या फडात निघतो.

निवाड्याची शिक्षा

विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे फडकतात. त्या ब्राझीलच्या इतिहासातील एक पान येथे उलटले पाहिजे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर सुमारे दोन लाख लोकांसमोर ब्राझील आणि उरुग्वे यांचा निर्णायक सामना झाला. बरोबरी झाली असती तरी ब्राझील विजेता ठरला असता. उरुग्वेच्या गिगियाने उजव्या बगलेने धावत येऊन पहिल्या गोलाच्या वेळी चेंडू मध्यभागी दिला होता. दुसऱ्यांदा तो तसाच धावत आला तेव्हा गोलरक्षक मोआसिर बार्बोसाने तो पुन्हा मध्येच देणार असा अंदाज बांधून एक पाऊल पुढे टाकले. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवरून काढलेले ते अनुमान होते. गिगियाने मात्र जवळच्या खांबालगतच्या फटीतून चेंडू आत धाडला. ब्राझील १-२ असा हरला.

अकरा जण खेळले होते. बोल प्रामुख्याने लागला तो बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल या तीन कृष्णवर्णीयांना. रानात धाडायचा बकरा अनेकदा दुबळ्यांतून निवडला जातो, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. ब्राझीलच्या कायद्यात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, पण आपण त्याहून अधिक काळ शिक्षा भोगली, अशा आशयाचे उद्‌गार बार्बोसाने उतारवयात काढले होते. २००० सालच्या एप्रिलमध्ये तो निवर्तला. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचे तर याहून दुःखद झाले. १९९४ च्या विश्वचषकात त्याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. मायदेशी परतल्यावर २ जुलै रोजी मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ही दोन्ही राष्ट्रे कॅथलिक परंपरेची. मंदिरात क्षमेची प्रार्थना म्हणणारी माणसे मैदानावर ती विसरतात, हे आपण स्वतःशी कबूल केले पाहिजे.

हजारे बंधूंचा पराभव

पराभव वेगळ्या रीतीनेही स्मरणात ठेवता येतो. त्याचे उदाहरण कोल्हापूरपासून जवळच, सांगलीच्या मातीत सापडते. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मवार संघांत होत असे. ही विभागणी महात्मा गांधींना मान्य नव्हती, आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली ते योग्यच झाले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आदींचा मिळून जो संघ होता त्याला 'रेस्ट', म्हणजे 'उरलेले', असे नाव होते. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात पाच गडी झटपट गेले. तेव्हा विजय हजारे यांच्या जोडीला त्यांचे बंधू विवेक आले.

दोघांनी तीनशे धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा होता अवघा २१ धावांचा. तासन्‌तास ते केवळ टिकून राहिले, भावाला खेळता यावे म्हणून. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. तरीही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. अंतिम सामन्यातला मोठा पराभव होता तो. मर्चंट यांना वेळीच बाद करता आले नाही, गोलंदाज कोणत्या क्रमाने वापरले, पहिला डाव का कोसळला, असे प्रश्न तेथेही उपस्थित करता आले असते. परंतु क्रिकेटच्या इतिहासाने त्या सामन्यातून जपून ठेवली ती दोन भावांची भागीदारी. त्या एकवीस धावांना कोणी थोडक्या म्हटले नाही.

न्यायाची रीत

मग पेठेने चर्चा बंद करावी काय? मुळीच नाही. ज्या तालमीत पराभवाची चिकित्सा होत नाही, ती तालीम पुढच्या वर्षीही तशीच हरते. प्रशिक्षकाने आपल्या निर्णयाचा जाब दिला पाहिजे आणि खेळाडूने आपली उणीव ऐकून घेतली पाहिजे. प्रश्न आहे तो रीतीचा. न्यायासनावर बसणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात. निर्णय घेतला त्या क्षणी, निकाल ठाऊक नसताना, त्या माणसाला काय दिसत होते? त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग खरोखर उपलब्ध होते? आणि शेवटच्या चुकीआधी इतरांच्या हातून काय काय निसटले होते? ही चौकशी केली म्हणजे बहुतेक वेळा आरोपी एक राहत नाही, आणि पुढच्या सामन्यासाठी काही शिकण्यासारखे हाती लागते.

याशिवाय चूक आणि पाप यांतला भेद आपल्याला ख्रिस्तसभेने शिकवला आहे. गंभीर पाप घडण्यास पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. यॉर्कर टाकताना निसटलेल्या चेंडूत, चुकलेल्या किकेत, उलट दिशेला झेप घेणाऱ्या गोलरक्षकात ना अशी जाणीव असते ना संमती. ती चूक असते. तिला प्रायश्चित्त नको, सराव हवा. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या मनुष्यासाठी पुढे काय करता येईल याकडे ते वळले. योहानच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायाचा तो प्रारंभ हरलेल्या सामन्यानंतर वाचण्यासारखा आहे.

कोल्हापूरच्या मैदानांनी अनिकेत जाधवसारखा खेळाडू घडवला, जो २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. अशी मुले पेठेतूनच पुढे येतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला केव्हातरी एक चुकलेली किक येणार आहे, आणि त्या संध्याकाळी घरी, गल्लीत, धर्मग्रामात त्याच्याशी कोण कसे बोलते यावर तो दुसऱ्या दिवशी सरावाला जाईल की नाही हे ठरणार आहे. मुलगा जेवायला बसला असेल तर सामन्याची चर्चा त्याचे जेवण होईपर्यंत थांबवावी. आणि संघ पुन्हा मैदानात उतरेल तेव्हा चेंडू त्याच्याकडे येऊ द्यावा.